परिसर नागरिक संघ: कसा चालतो, कुठे अडतो आणि सभासद का व्हावं (पुणे)

आवक_जावक

सोसायटीच्या कमिटीची हद्द गेटापाशी संपते. लिफ्ट, टाकी, वॉचमन, मेंटेनन्स हे तिचं काम. त्यासाठी १९६० चा सहकार कायदा आहे, अपार्टमेंट असेल तर १९७० चा. गेटाबाहेरचा फूटपाथ, कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग, बंद पथदिवा आणि पहिल्या पावसात तुंबणारा चौक यांना मात्र कुणी वाली नसतो. प्रत्येक सोसायटी आपापली तक्रार टाकते, टोकन नंबर मिळतो, चार दिवसांनी 'तक्रार निकाली' असा मेसेज येतो आणि खड्डा जिथल्या तिथे.

या गेटाबाहेरच्या कामासाठी जी संघटना लागते तिच्याबद्दल हा धागा आहे. डेक्कन जिमखाना परिसर समिती, औंध विकास मंडळ अशी काही नावं पेपरात दिसत असतात. पण बऱ्याच भागांत असं काही नाही, किंवा जे आहे ते व्हॉट्सॲप ग्रुपपुरतं.

आधी कुठलं काम कुणाकडे जातं ते बघू, कारण निम्म्या तक्रारी चुकीच्या टेबलावर जाऊन मरतात. पुणे महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, म्हणजे आपलं वॉर्ड ऑफिस. तीन-तीन कार्यालयांचं एक परिमंडळ, त्यावर उपायुक्त. वॉर्ड ऑफिसचे प्रमुख महापालिका सहाय्यक आयुक्त. १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते वॉर्ड ऑफिसकडे आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य खात्याच्या पथ विभागाकडे, असं साधारण वाटप आहे. गल्लीतलं ड्रेनेज चेंबर वॉर्ड ऑफिसचं, मोठी वाहिनी मलनिःसारण विभागाची. पथदिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा, पण त्याच खांबावरच्या घरगुती पुरवठ्याच्या तारा महावितरणच्या. झाडणकामासाठी मुकादम, त्याच्यावर आरोग्य निरीक्षक. पत्र लिहिण्याआधी रस्त्याची रुंदी मोजा. मोजली नाही तर पत्र महिनाभर दोन खात्यांत फिरतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आवक शिक्का. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर तारीख आणि आवक क्रमांकासह शिक्का घ्यायचा. पुढच्या प्रत्येक पत्राची सुरुवात 'संदर्भ: आमचे पत्र आवक क्र. अमुक, दि. अमुक' अशी. पंधरा दिवसांनी तेच पत्र उपअभियंत्याला, आणखी पंधरा दिवसांनी कार्यकारी अभियंत्याला, मग सहाय्यक आयुक्त, मग परिमंडळ. प्रत्येक वेळी मागच्या सगळ्या प्रती जोडून. चौथ्या पत्रापर्यंत फाईल इतकी जाड होते की ती पुढे सरकवणं हेच कमी त्रासाचं ठरतं. एकटा माणूस दुसऱ्या पत्रानंतर कंटाळतो. संघात तिसरं पत्र दुसरं कुणीतरी नेऊन देतं, हा संघाचा पहिला आणि सगळ्यात कमी आकर्षक फायदा.

आकाराबद्दल माझं मत: आठ ते बारा सोसायट्या, पायी पंधरा मिनिटांत फेरी होईल एवढा भाग. 'संपूर्ण कोथरूड' असलं काही काढू नका. हद्द रस्त्यांवरून ठरवा, प्रभागावरून नको. २००७ ला प्रभागात एक नगरसेवक होता, २०१२ ला दोन, २०१७ पासून चार. दर वेळी सीमा हलल्या, रस्ते हलले नाहीत.

खालची_आळी

सगळं पटलं, पण 'आठ ते बारा सोसायट्या' यातच गोची आहे. पेठांमध्ये सोसायटी कुठे आहे? वाडे, जुन्या चाळी, भाडेकरू-मालकांचे खटले, तळमजल्यावर दुकानं. आणि उपनगरांत संघ म्हटलं की मोठ्या टॉवरवाल्यांचे चेअरमन एकत्र येतात, मागची वस्ती कुणाच्या यादीत नसते. मग संघाची पहिली मागणी काय, तर फेरीवाले हटवा. हा गेटवाल्यांचा क्लब झाला, नागरिक संघ नाही.

व्यवहाराचंच बोलायचं तर २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत रहिवासी संघांनाही जागा आहे आणि समितीचे किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडायचे असतात. म्हणजे बसून ठरवायची जागा कायद्यानेच दिली आहे. भाजीवाला कुठे उभा राहिला तर चालेल, किती वाजेपर्यंत, कचरा कोण उचलेल, हे लिहून मागणी केली तर ती टिकते. 'अतिक्रमण हटवा' एवढंच लिहिलं तर गाडी येते, दोन तास रस्ता मोकळा राहतो, संध्याकाळी सगळे परत.

सभासदत्व व्यक्तीला द्या, इमारतीला नको. हद्दीत राहणारा किंवा दुकान चालवणारा १८ वर्षांवरचा कुणीही. वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना कार्यकारिणीत घ्या. सार्वजनिक नळाला पाणी किती वाजता येतं आणि कधी गढूळ येतं हे त्यांना जितकं नेमकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं.

आवक_जावक

@खालची_आळी, मान्य. व्यक्तीला सभासदत्व हेच बरोबर. सोसायट्यांचा उल्लेख भागाच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून होता. दोन्हीही ठेवता येतं: व्यक्ती सभासद आणि सोसायटी किंवा वाडा 'संलग्न', मत मात्र व्यक्तीलाच.

भाडेकरू_नं_१

भाड्याने राहणाऱ्यांना घेतात का? अकरा महिन्यांचा करार, पुढच्या वर्षी कुठे असू माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर सभासद होऊन मला मिळणार काय? काम झालं तर रस्ता सगळ्यांनाच मिळतो, न होणाऱ्यालाही.

मोजमाप_वही

भाडेकरूंना जरूर घ्या. कायद्याची आडकाठी नाही, संघाच्या घटनेत फक्त 'मालक' असं लिहून ठेवलं असेल तरच अडतं.

काय मिळतं, याचं उत्तर कामाच्या निवडीत आहे. रस्ता सगळ्यांना मिळतो हे खरं, पण कुठला रस्ता हे कुणीतरी ठरवतं. महापालिकेत २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग ही योजना आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज मागवतात, वॉर्ड ऑफिसात आणि संकेतस्थळावर. एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये. पदपथाचा तुकडा, बाक, पथदिवे, बसथांबा, बागेतली दुरुस्ती अशी कामं यात बसतात. बहुतेक लोकांना हे मार्चमध्ये अंदाजपत्रकाची बातमी वाचल्यावर आठवतं, तोवर सहा महिने उलटलेले असतात.

हे अर्ज का बाद होतात ते नीट समजून घ्या, कारण बाद होण्याची कारणं तीच ती असतात.

पहिलं कारण, जागा नेमकी नसणं. 'आमच्या भागातील फूटपाथ दुरुस्त करावा' हा अर्ज कनिष्ठ अभियंत्याच्या काहीही उपयोगाचा नाही. त्याला लागतं ते असं: अमुक सोसायटीच्या गेटापासून विजेच्या खांब क्रमांक अमुकपर्यंत, डावी बाजू, लांबी ८५ मीटर, रुंदी १.८ मीटर, पेव्हर ब्लॉक उखडलेले, तीन ठिकाणी चेंबरची झाकणं पातळीच्या वर. सोबत चार फोटो, एका फोटोत मोजपट्टी दिसेल असा. एवढं दिलं की अंदाजपत्रक करायला त्याला अर्धा तास पुरतो. नाहीतर जागेवर येऊन शोधायचं, आणि असे अर्ज शेकड्यांनी.

दुसरं, जागा महापालिकेच्या ताब्यात नसणं. लेआउटमधला अंतर्गत रस्ता अजून हस्तांतरित झालेला नसतो, किंवा विकास आराखड्यातल्या रस्त्याचा तो तुकडा संपादित झालेला नसतो. तिथे महापालिकेचा पैसा खर्च करता येत नाही. आधी वॉर्ड ऑफिसात विचारा, रस्ता ताब्यात आहे का, आणि शंका असेल तर सातबारा काढा.

तिसरं, काम मर्यादेबाहेरचं असणं. सगळा ४०० मीटरचा पदपथ मागितला की खर्च ५ लाखांत बसत नाही, अर्ज सरळ बाजूला जातो. तुकडे पाडा. संघाचा खरा उपयोग इथे होतो: चार जण एकाच पदपथाचे चार सलग तुकडे मागतात, मोजमाप आपसांत जुळवलेलं असतं, एकावर एक येत नाही. संघ नसेल तर चार जण चार कोपऱ्यांत चार बाक मागतात.

चौथं कारण वेगळ्या प्रकारचं आहे. अर्ज मंजूर होतो, अंदाजपत्रकात काम येतं आणि वर्ष संपेपर्यंत निविदाच निघत नाही. त्यासाठी अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर आपल्या कामाची ओळ शोधून तिचं अर्थशीर्षक (बजेट हेड) टिपून ठेवा आणि जूनपासून दर महिन्याला त्या अर्थशीर्षकाचा हवाला देऊन विचारा. नुसतं 'आमच्या बाकांचं काय झालं' विचारलंत तर उत्तर येतं 'प्रक्रियेत आहे'.

ताळेबंद

नोंदणीचं कुणीच बोललं नाही, म्हणून.

नोंदणी लगेच करायची गरज नाही. पहिलं वर्ष बिननोंदणीचं चालतं: बैठका घ्या, इतिवृत्त लिहा, पत्रं पाठवा. नोंदणी लागते ती तीन गोष्टींसाठी. संघाच्या नावाने बँक खातं, संस्था म्हणून कोर्टात जाणं, आणि प्रभाग समितीवर नियुक्ती. महापालिका अधिनियमाच्या कलम २९अ नुसार प्रभाग समितीवर बिगर सरकारी आणि लोकसंस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेता येतात. ते त्या समितीच्या हद्दीतले मतदार असावे लागतात. संस्था नोंदलेली नसेल तर तुमचं नाव पुढे जाणारच नाही. (नोंदलेली असली तरी नगरसेवक आपल्याच कार्यकर्त्यांच्या संस्था पुढे करतात ही तक्रार जुनी आहे. म्हणून तर जास्त खऱ्या संस्थांनी अर्ज करायला हवेत.)

पद्धत: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात तीच संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. कागद: ज्ञापन, नियमावली, पहिल्या कार्यकारिणीची यादी सह्यांसकट, सगळ्यांची ओळखपत्रं, संमतिपत्रं, आणि ज्या पत्त्यावर कार्यालय दाखवता त्या घरमालकाचं ना हरकत पत्र वीजबिलासह. पत्ता सोसायटीच्या ऑफिसचा देणार असाल तर सोसायटीचा ठराव घ्या, अध्यक्षांची नुसती सही पुरत नाही. नावात 'भ्रष्टाचार निर्मूलन', 'मानवाधिकार', 'भारत सरकार' यांच्या जवळपास जाणारं काही घालू नका, तिथेच अडतं. साधं 'अमुक परिसर नागरिक संघ' ठेवा.

नियमावली आयती उचलू नका. या पाच गोष्टी स्वतः लिहा: सभासद कोण, गणसंख्या किती, कार्यकारिणीची मुदत किती, खात्यावर सह्या कुणाच्या, आणि पदाधिकारी बदलला तर दप्तर किती दिवसांत द्यायचं. शेवटचं कलम नसल्यामुळे बरेच संघ बुडतात. सचिव रुसतो किंवा बंगळूरला मुलाकडे जातो, पत्रांची फाईल आणि ईमेलचा पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. ईमेल संघाच्या नावाचा काढा, रिकव्हरी नंबर दोघांचे.

नोंदणीनंतर लोक जिथे सगळ्यात जास्त फसतात ती जागा म्हणजे बदल अर्ज. कार्यकारिणी बदलली की कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. दोन-तीन निवडणुका झाल्या आणि एकही बदल अर्ज केला नाही, तर दप्तरी पहिलीच कार्यकारिणी राहते. त्यातला एखादा वारलेला असतो, एक परदेशी. मग बँक सही बदलून देत नाही आणि जुने-नवे दोन गट 'खरा संघ आमचाच' म्हणून भांडतात. सोबत दरवर्षी हिशेब आणि लेखापरीक्षण आहेच.

पैसे वैयक्तिक यूपीआयवर गोळा करू नका. रक्कम कितीही छोटी असो. दहा हजारांचा हिशेब ग्रुपवर मागितला गेला की चांगला माणूस कायमचा सोडून जातो. खातं होईपर्यंत पावतीपुस्तक छापा, पावती क्रमांक टाका, खर्च महिन्याच्या महिन्याला ग्रुपवर. आणखी एक: नोंदणी नसताना लोकांकडून जाहीर वर्गणी गोळा करायची तर याच कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी लागते. गणेश मंडळांना हे चांगलं माहीत आहे, नागरिक संघांना नाही.

सोसायटीने संघाला दरवर्षी काही द्यायचं असेल तर कमिटीने परस्पर चेक फाडू नये. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतेच, विषयपत्रिकेवर विषय घ्या आणि ठराव करा. नाहीतर लेखापरीक्षक आक्षेप काढतो आणि पुढच्या वर्षी सोसायटी बाहेर पडते.

कात्रज_घाट

हे सगळं वाचायला ठीक. प्रत्यक्षात काय होतं? संघ जरा नावारूपाला आला की कुणीतरी माननीय सत्काराला येतात, बाकावर 'सौजन्याने' रंगवलं जातं, आणि निवडणुकीच्या आधी सहा महिने संघाचे अध्यक्ष फ्लेक्सवर. मग विरोधी पक्षाकडे झुकणारे सभासद येणं बंद करतात. असे पाहिलेत तेवढे पुरे.

आवक_जावक

@कात्रज_घाट, हे होतं, आणि ते नियमावलीतच अडवावं लागतं, चांगुलपणावर सोडून चालत नाही. पदावर असताना कुठल्याही पक्षाचं पद नाही. निवडणुकीला उभं राहायचं तर अर्ज भरण्याआधी राजीनामा. एका पदावर सलग दोन मुदती, पुढे नाही. संघाच्या पत्रावर कुणाचाही फोटो नाही. सत्कार करायचाच तर मुकादमाचा करा.

नगरसेवकांशी फटकून राहणं मात्र चूक आहे. प्रभागात साधारण चार असतात, चौघांनाही नावानिशी एकच पत्र, एकाच दिवशी. त्यातल्या एकालाच दिलं की बाकीचे तिघं ते काम 'त्याचं' समजतात. चौघांना दिलं की निदान एक जण विचारतो, बाकीच्यांचं काय उत्तर आलं.

आणि हेही बघा: मार्च २०२२ ला मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ज्या भागांची सगळी भिस्त 'भाऊंना फोन करू' यावर होती ते जवळजवळ चार वर्षं हात चोळत बसले. ज्यांच्याकडे स्वतःची पत्रं होती त्यांना निदान कुठल्या टेबलावर जायचं ते माहीत होतं.

मोजमाप_वही

मघाशी राहिलं ते. रस्ता खराब झाला की 'दुरुस्त करा' असं पत्र लिहू नका. आधी शोधा, तो शेवटचा कधी झाला आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो. निविदेत लिहिलेला असतो. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तुम्ही नवी दुरुस्ती मागितलीत तर तुम्हीच नव्या निविदेला आमंत्रण दिलंत, म्हणजे तोच रस्ता, पैसे पुन्हा आपलेच.

ही माहिती दोन प्रकारे मिळते. महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना माहिती अधिकाराच्या अर्जाशिवाय कागदपत्रं बघायची सोय होती, ती सध्या चालू आहे का ते आधी विचारून घ्या. जाताना रस्त्याचं नाव आणि अंदाजे वर्ष घेऊन जा, आदल्या आठवड्यात त्या अभियंत्याला फोन करून ठेवा, नाहीतर 'फाईल साहेबांकडे आहे'.

दुसरा प्रकार माहिती अधिकाराचा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. हे महाराष्ट्राच्या नियमांत आहे आणि याच मुद्द्यावर अर्ज परत येतात. प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'रस्ता निकृष्ट का झाला?' याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. असं लिहा:

'अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्यावर १ एप्रिल २०२२ पासून आजपर्यंत झालेल्या डांबरीकरणाच्या कामांचे कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पानांच्या प्रती, काम पूर्ण झाल्याचे दाखले व दोषदायित्व कालावधीचा उल्लेख असलेले निविदेतील पान यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.'

तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे तारीख लागायला वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला तयारीने जा. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा. माहितीचा अधिकार 'नागरिका'ला आहे, त्यामुळे संघाच्या लेटरहेडवर केला तर मागे यायची शक्यता असते. पाच सभासदांनी पाच वेगवेगळ्या रस्त्यांचे अर्ज वाटून घ्यावेत.

मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, हातात आलं की लांबी आणि थराची जाडी बघा. ४५० मीटर लिहिलंय आणि रस्ता ३८० मीटरच आहे, एवढं तर कुणालाही पट्टी लावून कळतं.

टेकडीकर

दोन गोष्टी संघाशिवाय वेळेत जमत नाहीत, कारण त्यांना मुदत असते.

झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे नोटीस लावावी लागते, झाडावरही चिकटवतात, आणि हरकतीला फक्त ७ दिवस. नोटीस कागदाची, पावसात दोन दिवसांत विरघळते. संघाने गल्ल्या वाटून घ्याव्यात, सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी नोटीस दिसली की तारखेसकट फोटो टाकायचा. हरकतीत झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि झाड न तोडता काम कसं होईल हे लिहा. 'पर्यावरणाची हानी' असं मोघम लिहिलेल्या हरकती सुनावणीत एका वाक्यात निकाली निघतात. उलट बाजूही आहे: धोकादायक फांद्या छाटायला मे महिन्यातच अर्ज करा, जूनमध्ये उद्यान विभागाकडे रांग लागलेली असते.

दुसरं, विकास आराखड्यातले फेरबदल. बागेचं किंवा शाळेचं आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते, हरकतींना एक महिना. सूचनेत तुमच्या गल्लीचं नाव नसतं, सर्व्हे नंबर असतो. म्हणून आपल्या हद्दीतले सर्व्हे नंबर आणि त्यावरची आरक्षणं यांचा एक तक्ता संघाकडे आधीच हवा. वेताळ टेकडीसारखा मोठा विषय सगळ्या शहराला कळतो. तुमच्या मागच्या दहा गुंठ्यांच्या मैदानाचं आरक्षण बदललेलं कुणालाच कळत नाही.

धायरी_फाटा

समाविष्ट गावांचं वेगळं आहे. २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३, पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढली. कर महापालिकेचा, पाणी टँकरचं. इथे संघाने रोजची वही ठेवावी: किती टँकर, किती लिटरचे, बिल किती, महापालिकेचं पाणी किती मिनिटं. प्रत्येक सोसायटीचा तोच तक्ता. तीन महिन्यांचा बारा सोसायट्यांचा तक्ता पाणीपुरवठा विभागापुढे ठेवला की 'पाणी पुरेसं दिलं जातं' हे वाक्य म्हणता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र आणि बिल्डरने पाण्याबद्दल दिलेलं हमीपत्र यांच्या प्रतीही काढून ठेवा, कुणाकडे मागायचं ते त्यावरून ठरतं.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले तेव्हा पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. ते टिकायला हवं. क्लोरीन तपासायची ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाची छोटी बाटली मिळते. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळट रंग येतो, सोबतच्या पट्टीशी ताडून बघायचा. शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. नमुना टाकीतून घेऊ नका, टाकीत क्लोरीन उडून जातं. महापालिकेची लाइन जिथे आत येते तिथला घ्या, टँकरचा थेट पाइपमधून, आणि वेळ लिहा. दर सोमवारी वेगवेगळ्या टोकांच्या चार जागा पुरतात. रंग आला नाही तर त्याच दिवशी फोन आणि लेखी पत्र, दोन्ही. नुसता फोन झाला की नोंद राहत नाही.

भाडेकरू_नं_१

वाचनखूण साठवली. आमच्या भागात संघ नाही. तिघं-चौघं तयार होतील. सुरुवात मोहल्ला कमिटीपासून करावी का? आणि क्षेत्रसभा म्हणतात ती हीच का?

आवक_जावक

दोन्ही वेगळ्या. क्षेत्रसभा म्हणजे प्रभागातल्या एका भागाच्या मतदारांची सभा, २००९ पासून कायद्यात आहे, नगरसेवक तिचा अध्यक्ष. ती आपणहून भरेल या भरवशावर राहू नका, लेखी मागणी मात्र करत राहा. मोहल्ला कमिटी म्हणजे वॉर्ड ऑफिसात दर महिन्याला होणारी बैठक, तिथे सगळ्या खात्यांचे लोक एकत्र भेटतात. तारीख आधी विचारून घ्या.

तिथे फसतं ते असं: वीस जण येतात, वीस विषय मांडतात, प्रत्येकाला 'नोंद घेतली' मिळतं आणि चहा. तुम्ही चौघं जा, विषय दोनच न्या आणि चौघांनीही त्याच दोन विषयांवर बोला. तीन दिवस आधी लेखी देऊन ठेवा म्हणजे संबंधित खात्याचा माणूस 'मला कल्पना नव्हती' म्हणू शकत नाही. नंतर आठवड्यात इतिवृत्ताची प्रत मागा. त्यात तुमचा विषय नसेल तर पत्र देऊन घालायला लावा. पुढच्या महिन्यात नवा विषय न्यायचा नाही, त्या दोघांचं काय झालं एवढंच.

पहिला विषय छोटा निवडा: बंद दिवे. एका संध्याकाळी फेरी मारा, खांब क्रमांक लिहा, यादी द्या. हे काम आठवड्याभरात होण्यासारखं असतं आणि ते झालं की ग्रुपवरचे गप्प बसलेले पंधरा जण बोलायला लागतात. पाण्याचा दाब किंवा मेट्रोची फीडर बस पहिल्याच महिन्यात हातात घेतलीत तर दिवाळीपर्यंत परत तुम्ही चौघंच.

खालची_आळी

खांबांवरचे नंबर बऱ्याच ठिकाणी रंगाखाली गेलेत किंवा पोस्टरखाली. तिथे समोरच्या दुकानाचं नाव आणि जवळच्या नंबर असलेल्या खांबापासून कितवा ते लिहा. दुकानदार बंद दिव्याची तारीखसुद्धा सांगतो.

मोजमाप_वही

आणि पट्टी ३० मीटरची घ्या, ५ मीटरची स्टीलची नको. पदपथ मोजताना दर ५ मीटरला चूक साठत जाते.